पहिली छऱ्याची बंदूक: माळ्यावरची जुनी, नवी स्प्रिंगची की गॅस पिस्टनची?

दहा-पंधरा हजारांच्या आत एअर रायफल घ्यायला गेलं की दुकानदार सगळ्यात आधी वेग सांगतो. मी तो आकडा शेवटी बघतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना नको असेल तर नळी ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या वर चालत नाही आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० जूलच्या वर चालत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटरने सुटला तर १० जूल होतात, आणि दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला तेवढे भरपूर आहेत. तेव्हा वेग सोडा. बंदूक नुसती चालवायची आहे की उघडून बघायचीही आहे, ते आधी ठरवा. माझ्या मते सगळी निवड यावरच आहे.

स्प्रिंगच्या बंदुकीत नळी खाली ओढली की पिस्टन मागे जातो, स्प्रिंग दबते आणि खटक्याला अडकते. चाप ओढला की पिस्टन सुटतो, पुढची हवा दाबली जाऊन तापते आणि छऱ्याला ढकलते. पिस्टन पुढे सुटताना बंदूक मागे येते आणि तो हवेच्या उशीवर थांबला की पुढे जाते. छर्रा तेव्हा जेमतेम नळीत किंवा नुकताच बाहेर असतो. म्हणून बंदूक घट्ट आवळून धरणाऱ्याचे छर्रे विखुरतात. डावा तळहात उघडा ठेवून त्यावर ती नुसती टेकवायची आणि तिला हवं तसं हलू द्यायचं. ही सवय लागायला मला दोन महिने लागले, पण त्यानंतर हातात कुठलीही बंदूक आली तरी अडलं नाही.

गॅस पिस्टनमध्ये स्प्रिंगच्या जागी नायट्रोजन भरलेलं बंद नळकांडं असतं. गाडीच्या डिकीचं दार उचलून धरणारा दांडा असतो ना, तशाच जातीचं. स्प्रिंगचा तो झणझण आवाज नाही, कंप नाही. नेम धरायला वेळ लागला आणि बंदूक थोडा वेळ ओढलेलीच राहिली तरी स्प्रिंग बसण्याची भीती नाही. धक्का मात्र आखूड आणि तडक लागतो, आणि नळी ओढताना सुरुवातीपासूनच पूर्ण जोर लावावा लागतो. लहान चणीच्या माणसाने आधी दुकानात चार वेळा ओढून बघावी.

हा फरक एकाच घरात बघायचा असेल तर मुंबई परिसरातल्या प्रेसिहोल या कंपनीच्या दोन बंदुका शेजारी ठेवा. एसएक्स १०० स्प्रिंगची आहे आणि एनएक्स २०० गॅस पिस्टनची. कंपनीचं मूळ काम धातूत खोल भोकं पाडणाऱ्या मशीनचं, त्यामुळे नळ्या हा त्यांचा घरचा विषय. बंदूक न उघडता रविवारी सकाळी शंभर छर्रे मारायचे, एवढंच मनात असेल तर गॅस पिस्टन घ्या. गॅस गेला तर अख्खं नळकांडं बदलायचं. ते घरी उघडायचं नाही, अजिबात नाही.

ज्याला खटपट करायची आहे त्याने स्प्रिंगचीच घ्यावी, हे मी ठामपणे सांगेन. स्प्रिंगचे पीळ गाइडवर, म्हणजे स्प्रिंगच्या आतल्या दांड्यावर, सैल बसले असतील तर ते कुठे घासतात, पिस्टनच्या टोकाचा वॉशर कुठून कापला गेलाय, खटक्याची धार कुठे खरखरीत आहे, हे सगळं डोळ्यांना दिसतं. दिसतं म्हणून सुधारता येतं. गाइडवर नीट बसणारी स्प्रिंग, पिळांवर चिकट ग्रीसचा पातळ हात आणि पिस्टनच्या बाजूंना मॉलिब्डेनम ग्रीस, एवढ्याने झणझण कितीतरी कमी होते. वेग वाढवायला जाड स्प्रिंग घालू नका. नेम बिघडतो आणि २० जूलची रेषा ओलांडली की कायदाही मोडतो.

तिसरा पर्याय जुन्या बंदुकीचा. इंडियन ह्यूम पाइपची 'नॅशनल ३५' अजून घराघरांतून निघते. ही ह्यूम पाइप म्हणजे वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये काढलेली तीच कंपनी. लाकूड आणि लोखंड, प्लॅस्टिक जवळजवळ नाहीच. पण नळीचं माप तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या मालात ०.२२ निघू शकते आणि तिला परवाना लागतो.

माझ्याकडे आलेली जुनी बंदूक कुणाच्या तरी माळ्यावर वर्षानुवर्षं पडून होती. पहिला छर्रा पुठ्ठ्याला लागून खाली पडला. उघडली तर पिस्टनच्या टोकाचा चामड्याचा वॉशर वाळून पापडासारखा कडक झालेला. रात्रभर तो चामड्याच्या तेलात ठेवला. सकाळी बोटांनी दाबला तर मऊ लागला आणि कडा बाहेर फुलल्या होत्या. जास्तीचं तेल पुसून बसवला. तरी पहिले आठ-दहा छर्रे धूर आणि जळक्या तेलाचा वास सोडत गेले, मग आवाज मऊ झाला आणि पुठ्ठ्याला स्वच्छ गोल भोक पडलं. त्या भोकाकडे मी किती वेळ बघत बसलो होतो! धूर म्हणजे दाबल्या गेलेल्या गरम हवेत तेल पेटणं. म्हणून सिंथेटिक वॉशरच्या बंदुकीत पिस्टनच्या पुढे शिलाई मशीनचं तेल कधीही सोडू नये. फटाक्यासारखा बार होतो आणि वॉशर व स्प्रिंग दोन्ही मार खातात.

उघडण्याआधी एक तपासणी करा. टिश्यू पेपरची पट्टी नळीच्या सांध्यावर ठेवून कागदावर छर्रा मारा. पट्टी उडाली तर सांध्याचं सील गेलंय, आणि ते बदलणं सगळ्यात स्वस्त काम आहे.

उघडताना स्प्रिंग आधीपासूनच दाबलेली असते हे विसरू नका. सुताराच्या लांब क्लॅम्पमध्ये स्प्रिंग आणि पिस्टन असलेलं बंदुकीचं नळकांडं पकडूनच मागची पिन काढायची आणि क्लॅम्प हळूहळू सोडायचा. तोंड कधी स्प्रिंगच्या रेषेत आणायचं नाही. छर्रा भरतानाही एक हात नळीवर घट्ट हवा. खटका सुटला तर नळी फटकन वर येते आणि बोट जाऊ शकतं. छर्रा न घालता चाप ओढायचा नाही, कारण पिस्टनला हवेची उशी मिळत नाही आणि तो थेट आपटतो. मागे छर्रा अडवणारं काहीतरी भरीव असू द्या. पक्ष्यांवर नेम धरायचा नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो छऱ्याच्या बंदुकीलाही लागतो.

दुर्बीण पहिल्या वर्षी नकोच. हा दोन्हीकडचा धक्का साध्या दुर्बिणीच्या काचा हलवून टाकतो. ते पैसे छऱ्यांत घाला. वेगवेगळ्या तीन बनावटींचे डबे आणा, दहा मीटरवर प्रत्येकाचे पाच-पाच छर्रे वेगळ्या कागदावर मारा आणि कागदाच्या कोपऱ्यात बनावटीचं नाव लिहून ठेवा. प्रत्येक नळीला एखादाच छर्रा मानवतो, आणि तो कुठला हे तुमच्याच नळीतून मारल्याशिवाय कळत नाही.