बफरची लांबी चुकली: स्ट्रेस, व्हॅलग्रिंड की अ‍ॅड्रेस सॅनिटायझर?

व्हीएनआयटीची लॅब असो की परसोडीचं आयटी पार्क, नागपुरात लिनक्सवर सी लिहिणाऱ्या प्रत्येकापुढे कधी ना कधी हा पेच येतोच. सिस्टिम कॉलला (प्रोग्रामनं कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे केलेल्या मागणीला) दिलेली बफरची, म्हणजे डेटा ठेवायच्या मेमरीच्या तुकड्याची, लांबी कुठेतरी चुकली आहे, मग आधी कुठलं टूल घ्यायचं? माझ्या मते निवड एकाच गोष्टीवर ठरते: लांबी खऱ्यापेक्षा कमी सांगितली गेली की जास्त.

कमी सांगितली असेल तर सरळ स्ट्रेस (strace, प्रोग्रामचे सिस्टिम कॉल दाखवणारं टूल) लावा. समजा, कळमना बाजारातल्या वजनकाट्याचा आकडा सिरियल पोर्टवरून वाचायचा आहे. बफर ६४ बाइटचा, काटा १६ अक्षरांची ओळ पाठवतो आणि स्क्रीनवर अर्धंच वजन उमटतं. स्ट्रेसमध्ये रीड कॉलचा तिसरा आकडा, म्हणजे सांगितलेली लांबी, बघा. तिथे ८ दिसला तर चोर सापडला: अ‍ॅरे फंक्शनला पाठवला की आत पॉइंटरच (नुसता पत्ता) पोचतो आणि साइझऑफ (sizeof) ६४ बिट मशीनवर त्या पॉइंटरचा आकार सांगतं. पण तिसरा आकडा ६४ आणि परत आलेला ८ असेल, तर लांबी बरोबर आहे. पोर्ट डेटा तुकड्यातुकड्यानं देतंय, लूप लावा. या दोन आकड्यांतला फरक न बघता कोड बदलत बसणारे लोक बघितले की जीव तुटतो. आणखी एक, स्ट्रेस मजकुराची पहिली ३२ अक्षरंच दाखवतो. त्यावरून बफर ३२चा आहे असं समजू नका, एस (-s) पर्याय देऊन मर्यादा वाढवा.

एररही इथेच उलगडतात. गेटसीडब्ल्यूडीला (चालू फोल्डर कुठलं ते सांगणाऱ्या कॉलला) बफर पुरला नाही की ईरेंज (ERANGE). आयपीव्ही४ सॉकेटला बाइंड करताना (नेटवर्क पत्ता जोडताना) पत्त्याचा आकार १६ ऐवजी ८ गेला की ईइनव्हॅल (EINVAL).

लांबी जास्त सांगितली असेल तर मात्र स्ट्रेसला सगळं आलबेल दिसतं. तुम्ही मॅलॉकनं (मेमरी मागायच्या फंक्शननं) किती बाइट मागितले होते हे कर्नलला माहीतच नसतं. पत्ता प्रोसेसच्या लिहिण्याजोग्या मेमरीत असला की कर्नल निमूटपणे लिहितो, ईफॉल्ट (EFAULT, चुकीच्या पत्त्याची एरर) देत नाही. शेजारचा डेटा बिघडतो आणि प्रोग्राम भलतीकडेच कोसळतो.

इथे खरी निवड व्हॅलग्रिंड आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या दोन टूल्समध्ये आहे. सॅनिटायझरसाठी पुन्हा कंपाइल करावं लागतं, पण वेग साधारण निम्म्यावरच येतो आणि स्टॅकवरचे (फंक्शनच्या आत जाहीर केलेले) अ‍ॅरेही तपासले जातात. व्हॅलग्रिंडला नुसती बायनरी चालते, पण प्रोग्राम २० ते ३० पट मंदावतो आणि स्टॅकवरच्या अ‍ॅरेची हद्द त्याला कळत नाही.

एवढ्यावरून सॅनिटायझरच बरा वाटेल. पण रीडच्या बाबतीत सॅनिटायझर कॉल झाल्यावर, प्रत्यक्षात आलेल्या बाइटपुरतीच तपासणी करतो. ६४च्या बफरला ४०९६ सांगितले आणि काट्यानं १६च पाठवले, तर तो गप्प. व्हॅलग्रिंड कॉलच्या आधीच सांगितलेली पूर्ण लांबी तपासतो, म्हणून मॅलॉकच्या बफरवर तीच चूक पहिल्याच वाचनाला पकडतो. टेस्टमध्ये छोटा डेटा आणि बाजारात मोठा, अशा कामांत हा फरक फार मोलाचा आहे.

जीडीबी हा डीबगर मला इथे दुय्यम वाटतो. चुकीची लांबी कुठल्या फंक्शननं दिली, ते बॅकट्रेसमध्ये (फंक्शन कॉलच्या साखळीत) बघण्यापुरता तो पुरे.

नवीन कोड असेल तर कंपायलरचे ओ२ (-O2, ऑप्टिमायझेशन) आणि फॉर्टिफाय सोर्स (लांबीची तपासणी) हे पर्याय आधीपासूनच चालू ठेवा. बफरचा आकार कंपायलरला कळत असेल तिथे सांगितलेली लांबी मोठी निघताच प्रोग्राम तिथल्या तिथे थांबतो. कंपायलर नसलेल्या, बाजारात बसवलेल्या मशीनवर स्ट्रेस चालत्या प्रोसेसला जोडा. उबुंटूवर त्यासाठी बहुधा सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लागेल. व्हॅलग्रिंड तिथे नको, तो ऑफिसातल्या मशीनवर हीपच्या (मॅलॉकनं घेतलेल्या) बफरसाठी ठेवा. स्टॅकच्या बफरसाठी सॅनिटायझर, पण त्याला काट्याच्या नेहमीच्या ओळी पुरणार नाहीत, मुद्दाम बफरपेक्षा लांब ओळ पाठवून बघा.