जुन्या १५ हॉर्सपॉवर ओबीएमवरून बॅटरी चार्जिंग: एका मोसमाच्या वापरानंतर

दोरी ओढून सुरू होणारं जुनं टू-स्ट्रोक यामाहा ओबीएम (होडीच्या मागे बाहेरून बसवायचं इंजिन), सिंधुदुर्गातली अठरा फुटी फायबर होडी आणि १२ व्होल्ट, ३५ एएच (अँपिअर-तास) क्षमतेची पाण्याची बॅटरी. तिच्यावर जीपीएस-फिशफाइंडर, एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जर. एवढा भार इंजिनाच्या लायटिंग कॉइलवर (दिव्यांसाठी वीज बनवणाऱ्या कॉइलवर) निघतो का? जाता-येताना पुरेसा वेळ चांगली रेस असेल तर निघतो. जाळ्यापाशी इंजिन स्लोवर ठेवून बॅटरी भरेल, ही आशा मात्र सोडा. स्लोवर कॉइलचं व्होल्टेज बॅटरीच्या वर जातच नाही.

कॉइल फ्लायव्हीलखाली असते. यामाहात तिच्या दोन हिरव्या वायरी बाहेर येतात. त्यांतून एसी (दिशा बदलत वाहणारी वीज) येतो, म्हणून त्या थेट बॅटरीला कधीही जोडू नयेत. आधी मल्टिमीटर लावा. दोन वायरींमध्ये रेझिस्टन्स एक ओहमच्या आत हवा आणि प्रत्येक वायर ते इंजिनाची बॉडी यांत काहीच दिसता कामा नये. ही दुसरी तपासणी बरेच मेकॅनिक टाळतात. कॉइलचं एक टोक बॉडीला असेल आणि बॅटरीची निगेटिव्हही बॉडीला असेल, तर दर सायकलच्या एका अर्ध्यात कॉइल ब्रिजमधल्या (एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडांच्या जोडणीतल्या) एकाच डायोडमधून शॉर्ट होते. चार्जिंग निम्म्यावर येतं आणि तो डायोड तापून जातो. मग भार देऊन बघा: दोन वायरींना मोटरसायकलचा १२ व्होल्टचा हेडलाइट बल्ब लावायचा आणि रेस वाढवायची. बल्ब लालसरच राहिला तर कॉइल किंवा मॅग्नेट कमजोर. मोकळ्या वायरींवर मीटर तीस व्होल्टही दाखवतो, त्यावर विसंबू नका.

बाजारात ३५ अँपिअरचा साधा ब्रिज रेक्टिफायर स्वस्त मिळतो आणि त्याने चार्जिंग होतंही. पण तो व्होल्टेज आवरत नाही. बॅटरी भरली की पूर्ण रेसवर व्होल्टेज पंधराच्या पुढे चढतं, पाणी उकळून उडतं आणि फिशफाइंडरलाही धोका. त्यामुळे रेग्युलेटर-रेक्टिफायरच घ्यावा: सिंगल फेज, फुल वेव्ह (एसीच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरणारा), चार वायरींचा, दोन एसीच्या आणि दोन बॅटरीच्या. जुन्या बाइकचा, हेडलाइटला एसी देणारा चार पिनांचा युनिट सारखाच दिसतो, पण तो हाफ वेव्ह असतो आणि त्याला एक टोक बॉडीला असलेली कॉइल लागते. इथे तो चालत नाही.

हा युनिट जास्तीची वीज कॉइल शॉर्ट करून जिरवतो, म्हणून तापतो. बंद प्लॅस्टिक डब्यात ठेवला तर जळणारच. ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर, उघड्या हवेत, पाण्याचा सपका लागणार नाही अशा जागी बसवा. असा बसवलेला युनिट मोसमभर टिकला. बॅटरीवर १४.२ ते १४.४ व्होल्ट मिळत राहिले आणि डिस्टिल्ड वॉटर फार कमी लागलं.

वायर ४ चौरस मिमी, टिन चढवलेली तांब्याची. जाऊन-येऊन आठ मीटर लांबीत ५ अँपिअरला तिच्यात जेमतेम ०.२ व्होल्ट पडतात, १.५ चौरस मिमीत जवळपास अर्धा व्होल्ट, आणि तेवढ्याने बॅटरी कायम अर्धपोटी राहते. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात १० अँपिअरचा फ्यूज. जोड पिळून टेप मारलेला नको. थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा लग) दाबून, वर गोंदाची हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). खाऱ्या हवेत सगळ्यात आधी हिरवा कीट धरला तो फ्यूजहोल्डरनेच, तेव्हा झाकणाचा घ्या आणि आत पेट्रोलियम जेली लावा.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नका, व्होल्टेजच्या उसळीने डायोड फुटतात. लिथियम बॅटरीचं बीएमएस (आतलं संरक्षण सर्किट) जोडणी मध्येच तोडतं तेव्हाही नेमकं हेच होतं, म्हणून या जुगाडावर लेड-ॲसिडच बरी. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलट लागले तर युनिट क्षणात जातो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा ती पेट्रोलच्या टाकीपासून दूर, हवा खेळणाऱ्या पेटीत ठेवा.

हिशेब असा: जाऊन-येऊन ५ अँपिअरने दोन तास म्हणजे १० एएच, त्यातले बॅटरीत साठतात आठेक. रात्रभर दीड अँपिअर खाणारी उपकरणं आठ तासांत १२ एएच घेतात. मासेमारीची जागा दीड तासापेक्षा जवळ असेल तर तूट वाढतच जाते. तिथे ४० वॅटचं सोलर पॅनेल आणि वेगळा चार्ज कंट्रोलर जोडावा. दोन्ही एकाच बॅटरीवर बिनतक्रार चालतात.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बॅटरी घरी आणून, महिन्यातून एकदा चार्जरवर पूर्ण भरावी. विश्रांतीत १२.४ व्होल्टच्या खाली पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट बसतं.