आपोआप फुगणारं लाइफजॅकेट: कित्येक महिन्यांच्या वापरानंतर

छोट्या शिडाच्या बोटीवर आणि गळाने मासे धरायला जाताना गेले कित्येक महिने मी १५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे ते पाण्यात किती जोराने वर उचलतं त्याचं माप), आपोआप फुगणारं लाइफजॅकेट वापरतोय. त्याआधी फोमचं होतं. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: देखभालीची तयारी असेल तर डोळे झाकून घ्या, नसेल तर फोमचंच बरं.

याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते दिवसभर अंगावर राहतं. फोमच्या जॅकेटमध्ये दोर ओढताना कोपर अडायचे, ऊन चढलं की लोक ते काढून बाकाखाली सारायचे. हे घट्ट बसतं, पण अडवत नाही. तासाभराने ते घातल्याचंही ध्यानात राहत नाही. पाण्यात पडायची वेळ सांगून येत नाही, म्हणून मला हा गुण बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

फुगतं कसं, हे बघायला मी कमरेपेक्षा थोड्या खोल, शांत पाण्यात मुद्दाम उडी मारली. माझ्या जॅकेटची झडप पाण्याच्या दाबावर चालते. साधारण १० सेंटिमीटर पाण्याखाली गेली की ती सुई सोडते, सुई सिलिंडरचं तोंड फोडते आणि ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मानेभोवतीच्या फुग्यात शिरतो. 'फट्' असा आवाज, मानेभोवती एकदम आवळल्यासारखं, आणि काही सेकंदांत हनुवटी वर. नंतर दोन पायांमधून येणारा पट्टा सोडून पाहिला. जॅकेट सरळ कानांपर्यंत चढलं, पाणी तोंडाशी आलं आणि दोन्ही हातांनी ते खाली ओढून धरावं लागलं. थंड पाण्यात, धाप लागलेली असताना हात त्यासाठी मोकळे कुठून आणायचे? बरेच जण टोचतो म्हणून हा पट्टा कापून टाकतात. कृपा करून तसं करू नका.

मासेमारी करणाऱ्यांनी एक गोष्ट जपावी. गळ कापडी आवरणात अडकला तर आधी हलक्या हाताने सोडवा, ओढू नका. आतल्या फुग्याला बारीक भोक पडलं तरी ते बाहेरून दिसत नाही. विरघळणाऱ्या गोळीवर चालणारी स्वस्त जॅकेटंही मिळतात, पण दमट हवेत किंवा लाटेच्या माऱ्याने ती नको तेव्हा फुगू शकतात. पुढच्या डेकवर काम असेल तर दाबाची झडपच घ्या.

आता देखभाल. दर सफरीआधी मी तीन गोष्टी बघतो: झडपेच्या खिडकीतली खूण हिरवी आहे का, सिलिंडर हाताने घट्ट बसलाय का (इंजिनाच्या थरथरीने तो सैल होतो), आणि हाताने फुगवायला खेचायची दोरी बाहेर लोंबतेय का. मोसमात एकदा आवरण उघडून, तोंडाच्या नळीने फुगवून रात्रभर ठेवतो. सकाळी मऊ लागलं तर कुठेतरी गळती आहे. सिलिंडर काढून वजन करायचं आणि त्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडून बघायचं. मागच्या वेळी आट्यांजवळ गंजाचा नखाएवढा ठिपका दिसला, तेव्हा वजन बरोबर असूनही सिलिंडर बदलला. गंज फुग्याच्या कापडावर घासतो, तिथे काटकसर नको. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं, हे तर आलंच.

तक्रारी दोन. मानेमागचं वेल्क्रो दोर घासून उघडतं आणि आतली पिवळी घडी बाहेर डोकावते. ती दरवेळी नीट बसवावी लागते. दुसरी तक्रार सुट्या भागांची. प्रत्येक कंपनीची झडप वेगळी, त्यामुळे फुगल्यावर बदलायचा झडप-सिलिंडरचा संच एकाचा दुसऱ्याला चालत नाही. जॅकेट घ्यायच्या आधीच संच सहज मिळतो का ते विचारा आणि एक जादा संच बोटीवर ठेवा, कारण एकदा फुगलं की नवा संच बसेपर्यंत ते आपोआप फुगत नाही.

शिट्टी आणि पाणी लागताच पेटणारा दिवा माझ्या जॅकेटमध्ये होताच. चेहऱ्यावर ओढायचं पारदर्शक टोपडं वेगळं घेतलं, कारण लाटा उसळत असताना नुसतं तरंगून भागत नाही, श्वासही घेता यायला हवा.

जाड, हवा धरून ठेवणारे कपडे घालून खोल समुद्रात जाणाऱ्यांनी २७५ न्यूटनचं बघावं. कयाकवाल्यांनी आणि वारंवार उलटणाऱ्या छोट्या होड्यांवर शिकणाऱ्यांनी मात्र याच्या वाटेला जाऊ नये. त्यांना फोमचंच हवं, कारण तिथे पाण्यात पडणं रोजचंच.