दांडिया बाजारातील म्यूटेक्सचा वर्ग : चार रविवारांचा अनुभव

वडोदऱ्यातल्या मकरपुऱ्यातील कारखान्यांसाठी नियंत्रक यंत्रांचे सॉफ्टवेअर लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यामुळे दांडिया बाजारातील एका खाजगी संस्थेने केवळ म्यूटेक्स (सामायिक माहिती एका वेळी एकाच थ्रेडला हाताळू देणारे लॉक) आणि थ्रेडचे (प्रोग्रॅममध्ये इतरांसोबत स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या धाग्याचे) प्राधान्य या विषयावर चार रविवारांचा वर्ग ठेवला असल्याचे कळताच ४,५०० रुपये भरून मी नाव नोंदवले.

पहिल्या रविवारचा निम्मा वेळ वाया गेला. लिनक्सवर स्केड-फिफो धोरणाने, म्हणजे ठरवून दिलेल्या प्राधान्यानुसार, थ्रेड चालवायचा तर त्यासाठी वेगळी परवानगी लागते. ती एकाही संगणकावर दिलेली नव्हती आणि प्रत्येकाच्या पडद्यावर ‘ईपर्म’ (परवानगी नाही) झळकत होते. शुल्क घेणाऱ्या संस्थेने एवढी तयारी आदल्या दिवशी करून ठेवायला हवी होती.

दुसऱ्या रविवारी मात्र शिकवणाऱ्या सरांनी ही कसर भरून काढली. १९९७ साली मंगळावर उतरलेले पाथफाइंडर यान प्राधान्याच्या उलटापालटीमुळे (वरच्या प्राधान्याचे काम खालच्यामुळे अडकून पडल्यामुळे) पुन्हापुन्हा रिसेट होत होते, ही या विषयातली ठरलेली कथा त्यांनी दोन मिनिटांत आटोपली आणि सरळ फळ्यावर ३०, २० व १० प्राधान्याचे (आकडा मोठा तितके प्राधान्य वरचे) तीन थ्रेड मांडले. १० वाल्याने लॉक धरले आहे, ३० वाला त्याची वाट पाहतो आहे आणि ज्याचा त्या लॉकशी काडीचा संबंध नाही असा २० वाला मधेच प्रोसेसर बळकावून बसला आहे, हे चित्र एवढे स्वच्छ उभे राहिले की सीलिंगची, म्हणजे लॉक धरणाऱ्याला मिळणाऱ्या, त्या लॉकसाठी ठरवलेल्या वरच्या प्राधान्याची, गरज वेगळी पटवून द्यावी लागली नाही. लॉक हाती येताच १० वाल्याला थेट ३० वर चढवायचे, म्हणजे २० वाला मधे घुसूच शकत नाही.

पुढचा सराव मला सर्वांत मोलाचा वाटला. सरांनी मुद्दामच सीलिंग २० ठेवायला लावले. आपले प्राधान्य सीलिंगपेक्षा वरचे असल्यामुळे ३० वाल्या थ्रेडला लॉकच्या जागी ‘ईइनव्हॅल’ (अवैध मूल्य) ही चूक परत मिळाली. पण आमच्यापैकी बहुतेकांनी (मीही त्यातलाच) ते उत्तर तपासले नव्हते, त्यामुळे थ्रेड लॉकशिवायच पुढे गेला आणि तापमानाच्या नोंदीत अर्धा आकडा जुना, अर्धा नवा असा घोळ झाला. तेव्हा सर एवढेच म्हणाले, “अहो, कुलूप लागलंय की नाही हे पाहिल्याशिवाय कोणी घराबाहेर पडतं का?”

तिसऱ्या रविवारी प्राधान्याचा वारसा (वाट पाहणाऱ्याचे वरचे प्राधान्य लॉक धरणाऱ्याला देणे) आणि सीलिंग यांची तुलना झाली. जीलिबसीमध्ये (लिनक्सवरच्या सी भाषेच्या लायब्ररीत) वारशाचे लॉक मोकळे असेल तर कर्नेलपर्यंत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत, जावे लागत नाही. उलट सीलिंगच्या लॉकमध्ये थ्रेड सीलिंगच्या खाली असला की दर वेळी त्याचे प्राधान्य बदलून घ्यावे लागते आणि तो खर्च कोणी आडवे आले नाही तरी चुकत नाही. हा हिशेब त्यांनी प्रामाणिकपणे मांडला.

माझी खरी तक्रार चौथ्या रविवारची आहे. चालू प्रोग्रॅममध्ये सीलिंग बदलणाऱ्या ‘सेटप्रायोसीलिंग’ या फंक्शनला जेमतेम वीस मिनिटे मिळाली, आणि प्रत्यक्ष कामात माणूस अडतो तो इथेच. हे फंक्शन आधी ते लॉक स्वतः मिळवते, मग सीलिंग बदलते आणि लॉक सोडते. म्हणून ते थांबून राहू शकते, आणि आपणच धरलेल्या साध्या म्यूटेक्सवर वापरले तर थ्रेड कायमचा अडकतो. शिवाय थ्रेडला ३० वरून ४० वर न्यायचे असेल तर आधी सीलिंग वाढवावे लागते आणि मग थ्रेड. खाली आणताना आधी थ्रेड, मग सीलिंग. हा क्रम वर्गात कोणीच सांगितला नाही, मी विचारल्यावर सरांनी तो मान्य केला.

ज्यांनी थ्रेड वापरून एखादा तरी प्रोग्रॅम लिहिला आहे, त्यांना ४,५०० रुपये जास्त वाटणार नाहीत. अगदी नवख्यांनी मात्र जाऊ नये, कारण म्यूटेक्स म्हणजे काय हे इथे पहिल्या दिवशीही सांगत नाहीत. जाणाऱ्यांनी पंधरा मिनिटे आधी पोहोचून आपल्या संगणकावर स्केड-फिफोचा थ्रेड सुरू होतो का, ते स्वतःच पाहून घ्यावे.