मुरमाड उतारावरचं मडका सिंचन: कुठे चालतं, कुठे फसतं

पुरंदरसारख्या मुरमाड उतारावर सीताफळाची कलमं पहिले दोन उन्हाळे जगवायची, तर ड्रमवरच्या ठिबकापेक्षा झाडाशेजारी पुरलेलं मातीचं मडकं उजवं; त्याच्या भिंतीतून पाणी हळूहळू मुळांकडे पाझरतं. ड्रम दीड मीटरवर ठेवला तरी चौरस सेंटीमीटरला जेमतेम 0.15 किलो दाब मिळतो. मग वरची झाडं तहानलेली आणि खालच्यांपाशी चिखल, हे ठरलेलं.

मडकं 8 लिटरचं, बिनरंगाचं घ्या. मान वाकडी झाली म्हणून कुंभाराने बाजूला टाकलेली मडकी स्वस्तात मिळतात, पाझरायला ती तितकीच चांगली. टिचकी मारल्यावर खणखणीत वाजावं. बद्द वाजलं की तडा समजा. रात्रभर पाणी भरून ठेवा, सकाळी बाहेरून घाम फुटलेला हवा. कोरडंच राहिलं तर परत करा. बुडाला भोक पाडून चिंधीची वात घालायचा उपाय बरेच जण सांगतात, पण वात जरा सैल झाली की मडकं दोन दिवसांत रिकामं.

पुरायचं खोडापासून वीतभर अंतरावर, चढाच्या बाजूला. खड्डा चारी बाजूंनी चार बोटं मोठा घ्या. निघालेला मुरूम परत लोटू नका, इथेच बहुतेकांचं चुकतं. टोकदार खडा भिंतीला टेकला की भरल्या मडक्याला तिथूनच चीर जाते; पोकळी राहिली तर पाणी मुळाकडे सरकतच नाही. चाळलेली माती आणि शेणखत घालून दाबत भरा. गळा दोन बोटं वर, त्यावर झाकण, झाकणावर दगड. नाहीतर आत डासांच्या अळ्या.

चौथ्या-पाचव्या दिवशी, तळ दिसायच्या आत भरा. एका मडक्यात 5 लिटर पाणी जातं असं धरलं, तर 100 झाडांच्या एका फेरीला 500 लिटर, तेही चढावर हंड्याने. त्यामुळे शंभराच्या पुढे आम्ही हे सुचवणार नाही.

बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर गुण आणखी कमी. छिद्रं बुजतात, आठवडा झाला तरी पाणी उतरत नाही. उकरून काथ्याने घासल्यावर थोडं सुधारतं, पहिल्यासारखं होत नाही. गढूळ पाणीही फडक्यातून गाळूनच ओता.

तिसऱ्या वर्षी मुळं मडक्याला वेढा घालतात. तेव्हा ते उपटू नका. नवं मडकं फांद्यांच्या घेराच्या कडेला पुरा.