चषक की फड? दुकानाच्या जाहिरातीचा पैसा कुठे लावावा

थंडी पडली की दुकानात टेनिस बॉल क्रिकेटवाली पोरं येतात, मोबाइलवर बनवलेलं पत्रक दाखवत. शिमगा झाला की जत्रा कमिटीची मंडळी येतात, पावतीपुस्तक घेऊन. आपल्याकडचे बहुतेक दुकानदार दोघांच्याही हातावर थोडं थोडं ठेवून मोकळे होतात. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. त्यात नाव कुणाच्याच लक्षात राहत नाही, एवढं मात्र कळलं. म्हणून एका वर्षी सगळी रक्कम चषकाला दिली आणि पुढच्या वर्षी सगळी कुस्तीच्या फडाला. माझं दुकान पाण्याच्या मोटारी, पाईप आणि ठिबकचं, लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. तुमचा माल वेगळा असेल तर माझं गणित तुम्हाला लागेलच असं नाही, हे आधीच सांगतो.

चषकाची बाजू मजबूत आहे. पोरं कामसू असतात. डे-नाईट सामने, यूट्यूबवर लाइव्ह, समालोचक असा बोलतो की नळाच्या पाण्यावर गर्दी जमेल. पहिलं बक्षीस ५१,००० माझ्याकडून, म्हणून चषकाला दुकानाचं नाव. मनात गणित सोपं होतं: टाटांनी आयपीएलच्या नावाला २०२४ ते २०२८ या पाच वर्षांसाठी २,५०० कोटी मोजले, ते काय वेडे आहेत? पण तिथे पेपरवाला, टीव्हीवाला ते नाव घेतोच घेतो. आमच्याकडे आठ दिवसांत एकाही माणसाच्या तोंडी चषकाचं नाव आलं नाही. सगळे म्हणायचे, ‘कॉलेजच्या ग्राउंडवरची टुर्नामेंट’.

तेही चाललं असतं. खटकलं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून लाइव्ह बघत होतो. कॅमेरा गोलंदाजाच्या मागे, उंच स्टुलावर. गोलंदाज धावत येतो, चेंडू टाकून बाजूला होतो आणि चौकटीच्या मधोमध उरते ती अंपायरची पाठ. त्या पाठीवर मोठ्या अक्षरांत नाव होतं बसस्टँडसमोरच्या मोटारीच्या दुकानाचं. म्हणजे माझ्याच धंद्यातल्या माणसाचं! माझा बोर्ड लाँग-ऑनच्या सीमारेषेवर, त्याच्यापुढे प्रेक्षकांच्या मोटारसायकली लावलेल्या. पोरांना विचारलं तर बिचारी खरंच गोंधळली. ‘काका, त्यांनी अंपायरचे टी-शर्ट दिले. तुमचा तर चषक आहे ना!’ चार टी-शर्टचे किती झाले असतील? दीड हजाराच्या वर जात नाहीत. आणि प्रत्येक चेंडूला, प्रत्येक रिप्लेला त्याचं नाव.

यात पोरांचा दोष मी धरत नाही. एका धंद्यातला एकच प्रायोजक, हा या व्यवहाराचा पहिला नियम आणि तो मीच मागून घेतला नव्हता. मोठ्यांनाही तो ठेचा खाऊनच कळला. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकला सहाशेच्या वर प्रायोजक आणि पुरवठादार होते, त्या भाऊगर्दीत कुणाचंच नाव ठसलं नाही. १९८४ला लॉस एंजेलिसवाल्यांनी मोजकेच घेतले, एका प्रकारच्या मालाला एकच कंपनी, आणि पैसे भरपूर वाढवून मागितले. एवढं करूनही बाहेरचा घुसतोच. १९९६च्या विश्वचषकाचं अधिकृत शीतपेय कोका-कोला होतं, पण आपल्या पिढीला आठवते ती पेप्सीची ‘यात अधिकृत काही नाही’ म्हणणारी जाहिरात. बसस्टँडसमोरच्याने हे कुठे वाचलं असेल असं वाटत नाही. त्याला उपजतच कळतं.

आता फड. यात घाण कमी नाही. धूळ असते, वेळेचा पत्ता नसतो, लाइव्ह असलं तर कुणाच्या तरी मोबाइलवर आडवंतिडवं. बायका फारशा नसतात, त्यामुळे मिक्सर-कुकरवाल्याने इथे यावं असं मी म्हणणार नाही. कधी नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली, कुस्ती लागते आणि लोक शिव्या घालतात, त्यात इनाम देणाऱ्याचंही नाव निघतं. सीएला बिल हवं असतं आणि कमिटी देते वर्गणीची पावती. जाहिरात खर्च म्हणून दाखवताना त्याचं तोंड कडू होतं. (पोरांनी तीही दिली नव्हती.)

पण फडात नाव टांगलेलं नसतं, पुकारलेलं असतं. निवेदक माइकवर दोन्ही पैलवानांची गावं सांगतो, वस्ताद सांगतो आणि मग, ‘इनाम रुपये अकरा हजार, अमक्या मशिनरीकडून, मालकांनी कुस्ती लावायला आखाड्यात यावं.’ चपला काढून आत जायचं. दोन्ही पैलवानांचे हात हातात द्यायचे. माती तळपायाला गार लागते, हलगी कानाशी, आणि चार-पाच गावची माणसं तुमच्या तोंडाकडे बघत असतात. त्या दोन मिनिटांत आखाड्यात दुसऱ्या कुणाचं नाव नसतं. बसस्टँडसमोरच्यालाही कुस्ती लावता येते, लावलीच त्याने पुढच्या खेपेला. पण ती त्याची कुस्ती, ही माझी. माझ्या पैशावर त्याची पाठ दिसत नाही.

आणि बघणारे कोण? चषकाला मोबाइल बदलणारी पोरं. फडाला विहीर-बोअरवाले. आमच्याकडे वडिलधाऱ्यांच्या गप्पा अजून रामलिंग मुदगडच्या पैलवान हरिश्चंद्र बिराजदारांवरून सुरू होतात, आणि २०२३ला महाराष्ट्र केसरी धाराशिवला झाली तेव्हा माझी अर्धी गिऱ्हाइकं तिकडेच होती. जत्रा चैत्रात येते. तोवर तूर-हरभरा विकलेला असतो, पाणी खोल गेलेलं असतं आणि मोटारी जळायला लागलेल्या असतात. डिसेंबरात चषक बघणाऱ्याला मोटार आठवायचं कारणच काय? मार्गशीर्षातल्या माळेगावच्या यात्रेलाही फड असतो, तिथे जनावरांच्या बाजाराला आलेल्या माणसाच्या खिशात पैसाही असतो. पण ती गर्दी आपल्या दुकानाला फार मोठी, असं आपलं माझं मत.

शेवटची मानाची कुस्ती मात्र घेऊ नका. ती पुढाऱ्यांची. पाहुणे उशिरा येतात, उजेड जातो, आणि बरोबरीत सुटली तर अर्धं गाव कुरकुरत घरी जातं. मी मधल्या चार घेतल्या: एक २१,०००ची, एक ११,०००ची, दोन ५,०००च्या. उरलेले नऊ हजार आखाड्याबाहेर लावले. नुसतं नाव विकत घेऊन भागत नाही. नावाला रुपया दिला तर ते वापरायला आणखी रुपया लागतो, असं या धंद्यातले लोक म्हणतात. मी एवढा ताणला नाही. पाण्याचे चार जार ठेवले आणि टेबलावर एक सबमर्सिबल मधोमध कापून मांडली. आत वाळूने खाल्लेला पंखा. लोक कुस्ती सोडून तो पंखा बघायला उभे राहिले.

मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एवढंच आहे. चषकानंतर दुकानात तिघं आले, तिघंही पुढच्या वर्षीची वर्गणी विचारायला. फडानंतर आठच दिवसांनी एक म्हातारे जळकी मोटार टेम्पोत घालून आले. पायरीवरूनच म्हणाले, ‘कुस्ती लावलते ते तुमीच का हो मालक?’ मोटारीचं वाइंडिंग भरून देईपर्यंत त्यांनी त्या कुस्तीतला धोबीपछाड दोनदा करून दाखवला, माझ्या कामावरच्या पोरावर.

मोबाइल, बूट, क्लासेस असा तुमचा धंदा असेल तर चषकच घ्या, मी आडवा येणार नाही. फक्त पैसे देण्याआधी अंपायरचे टी-शर्ट, स्टंप, समालोचकाचं टेबल आणि कॅमेऱ्यासमोरची जागा कुणाची, हे वहीत लिहून घ्या आणि पोरांची सही घ्या. फड घेणार असाल तर कमिटीची बैठक रंगपंचमीनंतर बसते. जोडी ठरायच्या आत निवेदकाला भेटून दुकानाचं नाव नीट म्हणायला लावा. पहिल्या वर्षी माझ्या ‘ठिबक’चं त्याने ‘ठिपका’ केलं होतं.