एक लिटरचा मापाचा जग : घ्या, पण आधी काट्यावर तपासा

जळगावच्या फुले मार्केटमधून घेतला हा प्लास्टिकचा पारदर्शक जग, १४० रुपयांना, घासाघीस करून. ब्रँड वगैरे काही नाही, एका बाजूला मिली आणि दुसऱ्या बाजूला कप छापलेत. कप आपल्या काय कामाचे, पण मिलीची बाजू भारी कामाची निघाली.

सगळ्यात आधी टेस्ट केली आणि तुम्ही पण करा, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो हे धरून चालायचं, किचनच्या काट्यावर रिकामा जग ठेवून शून्य करायचं आणि ५०० च्या रेघेपर्यंत पाणी भरायचं. माझं वजन आलं ४९२ ग्रॅम, म्हणजे ८ मिली कमी, घरच्या कामाला चालतंय. फक्त बघताना ओट्यावर सपाट ठेवा आणि खाली वाकून डोळा रेघेच्या समोर आणा. पाणी कडेला जरा वर चढलेलं दिसतं, ते धरायचं नाही, मधला खोलगट भाग जिथे टेकतो तो आकडा खरा. उभ्याने वरून बघितलं की हमखास जास्त दिसतं.

आता तेलाचं. घाण्यावरून शेंगदाणा तेल आणलं की घरात दरवेळी तोच वाद, किलोने आणलं का लिटरने. तेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर भरलं तर साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणून १५ लिटरच्या डब्यात तेल येतं साधारण साडेतेरा किलो आणि १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरच्या आसपास. दुकानदार नुसतं "पंधराचा डबा" म्हणतो, भाव सांगतो आणि मोकळा होतो, तर भाऊ डब्यावरचं बारीक वाचा मगच तुलना करा. त्यात आपल्याकडचा मे महिना, तेल तापलं की फुगतं, १५ डिग्रीचं तेल ४५ ला गेलं तर लिटरमागे २० मिलीच्या आसपास वाढतं, वजन मात्र तेवढंच. काही कंपन्या तर पाकिटावर ६० डिग्रीचा लिटर छापायच्या!! २०२२ मध्ये केंद्र सरकारने सांगितलं की तापमान लिहू नका, लिटरसोबत वजन पण बरोबर लिहा. म्हणून मी तर आता वजनच बघतो.

बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या वेळी आईने पहिल्यांदा जग हातात घेतला. तिचा हिशोब तांब्याचा, आणि तांबे प्रत्येक घरात वेगळे, म्हणून मावशीचं प्रमाण आमच्याकडे कधी जमलंच नाही. तांब्याभर पाणी जगात ओतलं, आईने विचारलं "कितलं व्हयनं?" तर ८५० मिली. ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, मावशीच्या तांब्याचं पण फोनवर मागवलं.

फवारणीसाठी मात्र हा जग अजिबात नाही. एक तर घरातलं भांडं औषधाला लावायचंच नाही, वेगळं ठेवायचं आणि कुलपात. दुसरं म्हणजे लिटरला २ मिली डोस असेल तर १६ लिटरच्या पंपाला ३२ मिली लागतं, आणि या जगावर पहिली रेघच १०० ची आहे. कपाशीवाले बरेच जण बाटलीच्या झाकणाने मोजतात, झाकण कुणाचं छोटं कुणाचं मोठं, मग पीक करपलं की औषधाला शिव्या. त्यापेक्षा कृषी केंद्रातून ५० मिलीचं छोटं माप घ्या. सुई नसलेली सिरींज पण चालते, तिच्यावर सीसी लिहिलेलं असतं, सीसी म्हणजेच मिली, वेगळं काही नाही.

तक्रार एकच पण मोठी, आकडे नुसते छापलेले आहेत, कोरलेले नाहीत. तारेच्या घासणीने घासलं तर ७०० आणि ८०० अर्धे गेले, आता मी मार्करने रेघ मारलीय. उकळतं पाणी ओतलं तेव्हा जरा वास पण आला, म्हणून गरम काही ओतत नाही. याने दुकानात माल मोजून विकायचा विचार असेल तर विसरा, त्याला वजनमापे विभागाचा शिक्का असलेलंच माप लागतं.

साडेतीन स्टार. त्याच दुकानात अर्ध्या लिटरचा पण आहे, पण त्याच्यावर औंस ठळक आणि मिली इतके बारीक की चष्मा लावून पण दिसत नाहीत, तो घेऊ नका.